उजवीकडे पडलेली कळी

बाबा,

हे पत्र मी आपणहून लिहीत नाही. मला ते लिहायला सांगितलं आहे. सांगणारा माणूस घाटावरचा आहे, ख्रिस्ती आहे, मिशनच्या शाळेत मास्तर आहे, आणि त्याच्या मनात नक्की काय आहे ते मला सात महिने होऊन गेले तरी कळलेलं नाही. एवढं आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हीही सावध राहाल.

मी दारू सोडतो आहे. हे वाक्य तुम्हाला कसं लागेल ते मला सांगता येत नाही, कारण मी दारू धरली हेच तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही जन्मभर माड चढलात, सकाळ-संध्याकाळ कमरेचा भोपळा भरून माडी खाली आणलीत, आणि स्वतःच्या जिभेला तिचा थेंब कधी लावला नाहीत. लोक थट्टा करायचे, हलवायाला मिठाई नको तसं याचं झालं म्हणायचे. तुम्ही हसायचात आणि पहिली धार जमिनीवर सोडून म्हणायचात, "जिची आहे तिला दिली, आता बाकीची मक्तेदाराची." आपला त्यात वाटाच नाही, असं तुम्ही धरून चालला होतात. मी तसं धरलं नाही. पण ते पुढे येईल.

मी आता कोर्टात नक्कल खात्यात आहे. जुने निवाडे, दस्त, खतं यांच्या नकला करून देतो. शाळा माझी पुरी झाली नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, पण अक्षर राहिलं आणि शुद्धलेखन राहिलं, त्यावर काम मिळालं. बालबोध लिहिताना हात उचलून अक्षर सुटं काढता येतं, त्यामुळे थोडं लपतं. मोडीत लेखणी उचलायची नसते. एक ओळ एका दमात जाते, आणि हात थरथरत असेल तर ती ओळ पाण्यावरच्या दोरीसारखी दिसते. शिरस्तेदारांनी माझी एक नक्कल उजेडाकडे धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "ही नक्कल आहे की भूकंपाची नोंद?" सगळे हसले. मग मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं की मिशनच्या बंगल्यावर बुधवारी संध्याकाळी काही माणसं बसतात, त्यांच्यात जाऊन बस, नाहीतर पुढच्या महिन्यापासून इथे येऊ नकोस. शिरस्तेदार स्वतः सोवळ्यात जेवणारे. त्यांनी मला ख्रिस्त्यांकडे का पाठवावं, याचा मी पुष्कळ विचार केला. मला काढायला त्यांना निमित्त हवं असेल, असं मी धरलं.

पहिल्या बुधवारी मी बंगल्याच्या फाटकापर्यंत जाऊन दोनदा परत फिरलो. तिसऱ्यांदा आत गेलो तर मागच्या पडवीत तीन माणसं चटईवर बसली होती. एक हा मास्तर. दुसरा मांडवीचा एक म्हातारा तांडेल, गलबतावर तीस वर्षं काढलेला, आता पायाने अधू. तिसरा मालगुंडचा एक शिंपी, इकडे बाजारात मशीन घेऊन बसतो तो. मी चौथा. मधे एक पाटी होती आणि तिच्यावर खडूने पाच पायऱ्या लिहिल्या होत्या. आपल्याच्याने आवरत नाही हे कबूल करणं, ही पहिली. स्वतःला देवाच्या हाती सोपवणं, ही दुसरी. आपल्या चुका वहीत लिहून काढणं, तिसरी. त्या एका माणसाला तोंडाने सांगणं, चौथी. ज्याचं नुकसान केलं त्याच्यासमोर जाऊन उभं राहणं, पाचवी. सगळ्यांत वर मोठ्या अक्षरात 'पश्चाताप' असं लिहिलं होतं, एका त वर. मी मनात म्हटलं, ज्याला हा शब्द लिहिता येत नाही तो मला काय करायला शिकवणार? पण बोललो नाही. तो शब्द अजून तसाच आहे, एका त वरच.

मास्तराने डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. हे प्रभू, या घरात जमलेल्या तुझ्या लेकरांकडे पाहा, असं काहीसं. पहिलं वाक्य संपलं तसा तांडेल खणखणीत आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा!" मास्तराने एक डोळा उघडला. दुसरं वाक्य झालं, पुन्हा "व्हय म्हाराजा!" देवळात गुरव गाऱ्हाणं घालतो तेव्हा सगळा गाव जसा म्हणतो, अगदी तसंच. शिंप्यालाही राहवलं नाही, तिसऱ्या वाक्याला त्यानेही सूर लावला. प्रार्थना संपल्यावर मास्तर म्हणाला, "बाबांनो, हितं 'आमेन' म्हणत्यात."

तांडेल म्हणाला, "ता काय असता?"

"तसंच व्हवो, असं."

"मग आमी काय वेगळा बोललो?"

मास्तर म्हणाला, "नाय. तेच बोललात." तेव्हापासून आमच्याकडे दोन्ही चालतं. मला मात्र त्या दिवशी घरी जाताना वाटत राहिलं की इतक्या सहज ज्याने सोडून दिलं त्याला पुढे काहीतरी मोठं घ्यायचं असणार. बाजारात पहिला भाव कमी सांगणाऱ्या माणसाचा मला कधी विश्वास आलेला नाही.

मोठं म्हणजे पाणी. मी त्या पाण्याची वाट पाहत होतो. एके दिवशी अंगावर शिंपडतील आणि मी बाटलेला होईन, मग आई घरात घेणार नाही आणि कोर्टात कुणी शेजारी बसणार नाही. दुसऱ्या महिन्यात एका बुधवारी गेलो तर पाटीशेजारी मोठं तांब्याचं घंगाळ भरून ठेवलेलं, वर पांढरा पंचा. मी उंबऱ्यातच थांबलो. म्हटलं, आज माझं डोकं दुखतं आहे. शिंपी म्हणाला, "दोन घटका बसा की, तांडेलाचे पाय शेकायचे आहेत." मास्तराने घंगाळात मीठ टाकलं, तांडेलाचे सुजलेले पाय उचलून आत ठेवले आणि चोळत बसला. तांडेल ओरडत होता, "अरे भाजतंस मना, पाद्र्या!" मास्तर सांगत होता, "मी पाद्री नाय, मास्तर म्हणा." मी भिंतीला टेकून तासभर ते पाणी निवेपर्यंत बघत बसलो. निवल्यावर त्याने ते अळवात ओतलं.

आणखी एक सांगतो, तुम्हाला हसू येईल. हा मास्तर एके काळी स्वतः पिणारा होता. त्यानेच पहिल्या दिवशी सांगितलं. म्हणून मी दर बुधवारी त्याच्या जवळून जाताना त्याचा वास घ्यायचो. पाणी पिण्याच्या निमित्ताने, पाटी पुसायच्या निमित्ताने. तीन महिने घेतला. खोबरेल, विडा, कधी कांदा, पण तो वास नाही. एकदा मी वाकलो तसा त्याने माझा खांदा धरला, तोंड माझ्या नाकाजवळ आणलं आणि भला मोठा श्वास सोडला. म्हणाला, "घ्या की नीट. लांबनं काय कळतंय?" माझे कान लाल झाले. त्यावर तो म्हणाला, "लाजू नका. माझी बायको अकरा वर्सं घेतीया. रोज. पानं वाढायच्या आदी."

दर बैठकीत पाव तास गप्प बसायचं असतं. त्या वेळात जे मनात येईल ते वहीत लिहायचं, देव काही सांगत असेल तर ते तिथे येतं असं त्यांचं म्हणणं. वह्या मास्तराच्या कपाटात राहतात, कुणी दुसऱ्याची वाचत नाही, असंही म्हणणं. मी माझ्या वहीच्या पानांत आईच्या शिवणाचा एक बारीक काळा दोरा आडवा ठेवायचो. कुणी उघडली तर तो सरकेल. सात महिने तो दोरा जिथल्या तिथे आहे. पण वहीत तरी काय होतं? दर बुधवारी मी एकच ओळ लिहिली, 'आज काही आले नाही', खाली रेघ मारून. देव बोलतो यावर माझा विश्वास नाही असं नव्हे. देव बोलतो तेव्हा काय होतं ते मी पाहिलं आहे. तुमच्या शेजारी उभं राहून पाहिलं आहे.

शिंप्याविषयीही लिहायला हवं, कारण त्यात मी फार खाली गेलो. कोर्टाचा पट्टेवाला एकदा मला म्हणाला, "काय हो, बुधवारी कुठे भजनाला जाता म्हणे?" मी धरलं की हे शिंप्याने फोडलं. त्याच्या मशीनपाशी सगळा बाजार बसतो. मग मी एक जाळं लावलं. त्याला एकट्याला गाठून सांगितलं की मी पूर्वी एका वकिलाचं चांदीचं घड्याळ चोरलं आहे आणि ते मला टोचतं आहे. असं घड्याळ नव्हतं, वकीलही नव्हता. म्हटलं, ही गोष्ट आठ दिवसांत पट्टेवाल्याच्या तोंडी आली की चोर सापडला. आठ दिवस गेले, महिना गेला, गोष्ट कुठून आली नाही. पण शिंपी दर बुधवारी मला बाजूला घेऊन कळवळून विचारी, "घड्याळाचं काय झालं? दिलंत का परत?" मी म्हणे, अजून नाही. एकदा तो म्हणाला, "एकटे जाऊ नका. मी येतो संगती. मी दाराबाहेर उभा राहीन." त्याने दुकान बंद ठेवायचा दिवससुद्धा ठरवला होता. त्याला मी काय सांगणार होतो? मी म्हटलं, वकील बेळगावला गेले. तो म्हणाला, "मग बेळगावला जाऊ." बाबा, मला त्या माणसाचा राग आला. एवढं चांगलं कुणी का असावं, असा राग.

आता त्या वर्षाचं लिहितो.

तुम्ही आणि काका मिळून एकाच मक्तेदाराचे माड काढत होता. सख्खा भाऊ नव्हे, पण मला काका म्हणूनच माहीत. दोघांची माडी खोपीतल्या मोठ्या मडक्यांत ओतून ठेवायची, दुपारनंतर मक्तेदाराची गाडी यायची. मी सोळा-सतरा वर्षांचा, गावातल्या मास्तरांशी भांडून शाळा सोडलेला, दिवसभर रिकामा. सकाळचं काम आटोपून तुम्ही दोघे जेवायला जायचात तेव्हा खोपीवर मी असायचो. पहिल्यांदा मी एक करवंटीभर प्यायलो. गोड होती, जराशी चढलेली. मग रोज दोन, मग चार. कमी झालेलं दिसू नये म्हणून विहिरीचं पाणी घालायचो, आणि घालताना अंदाज चुकू नये म्हणून करवंटीनेच मोजून घालायचो. मी तेव्हाही नीटनेटकाच होतो. पण माडीला पाणी कळतं. फेस धरत नाही, जिभेला पातळ लागते. मक्तेदार एक दिवस स्वतः गाडीबरोबर आला, चाखली, थुंकला आणि म्हणाला, दोघांतला एकजण पाणी घालतो आहे. कोण ते तुम्ही सांगा, नाहीतर दोघांनाही काढतो आणि अबकारीच्या साहेबापुढे उभे करतो.

तुम्ही एकमेकांकडे पाहिलंत. मला ते पाहणं अजून दिसतं. दोघांच्याही चेहऱ्यावर दुसऱ्याचा संशय नव्हता. तुम्ही म्हणालात, "देवालाच विचारू." आणि काका लगेच म्हणाले, "व्हय, देवालाच विचारूया." जणू काही बोजा उतरला.

देवळात त्या दिवशी चार-पाचच माणसं होती. गुरवाने देवीच्या पाषाणाला दोन ओल्या कळ्या लावल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. तुम्ही म्हणालात, "आधी माझं नाव घ्या." गुरवाने गाऱ्हाणं घातलं की याच्या हातून झालं असेल तर उजवी दे. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. बराच वेळ काही हललं नाही. मग डावी कळी पडली. तुम्ही सुटलात. पुन्हा कळ्या लावल्या, काकांचं नाव घेतलं. मी खांबाला धरून उभा आहे. मला वाटतं आहे की ही पण डावी पडेल, मग तिसरं नाव घेतील. तिसरं नाव माझं. मी तयार होतो, खरंच सांगतो, माझं नाव निघालं असतं तर मी कळी पडायची वाट पाहिली नसती. पण उजवी पडली. पाषाणावरून घसरून काकांच्या पायाशी आली. काका तिच्याकडे बघत राहिले. वाकून त्यांनी ती उचलली आणि डोळ्यांना लावली. रागावले नाहीत, आरडाओरडा नाही. आणि तुम्ही तोंड फिरवलंत.

त्यानंतर त्यांचे माड गेले. शिमग्याला पालखी वाडीत आली, घरोघर थांबली, नाचली, ओट्या भरल्या, आणि काकांच्या अंगणावरून न थांबता पुढे गेली. काकी दारात आरती घेऊन उभी होती. वात विझेपर्यंत उभी होती. तुम्ही पालखीच्या पुढच्या दांड्याला होतात. तुमचा खांदा त्या अंगणापाशी जरासा दबला, हे मी मागून पाहिलं. तेव्हा मी सांगू शकलो असतो. दुसऱ्या दिवशी सांगू शकलो असतो. मग मक्तेदाराने काकांचे माडही तुमच्याच अंगावर टाकले, दोन माणसांचं काम तुम्ही एकटे करू लागलात, तेव्हाही सांगू शकलो असतो. दोन वर्षांनी संध्याकाळच्या फेरीला, काकांच्या जुन्या माडांपैकी एका माडावरून तुम्ही पडलात. आई म्हणते, पाय सरकला. असेल. मी त्या माडाला पाय ठेवायच्या किती खाचा होत्या ते जाऊन मोजलं. आणि तुमच्या वेळी काका स्मशानात आले, पण लांब, करवंदीच्या जाळीपाशी उभे राहिले. कुणी त्यांना बोलावलं नाही. मीही नाही.

तर बाबा, ज्याला हे माहीत आहे त्याला कुणी सांगावं की गप्प बस, देव तुला सांगेल, तर तो काय लिहील? सगळ्या गावात मी एकटा आहे ज्याला नक्की ठाऊक आहे की तो कौल चुकला होता. की चुकला नव्हता, दोनच नावं विचारली म्हणून देवीने दोनातलं एक दिलं? यावर मी वर्षानुवर्षं घालवली आहेत. पिण्याने त्याचं उत्तर मिळत नाही, पण प्रश्न मंदावतो. बंदरावरच्या दुकानापुढे खादीवाली पोरं निरोधन करायला, म्हणजे गिऱ्हाइकं अडवायला, उभी राहिली त्या दिवसांतही मी मागच्या दाराने जात होतो.

गेल्या महिन्यात काका कोर्टात आले.

मी मान खाली घालून लिहीत होतो. पट्टेवाल्याने सांगितलं, एक म्हातारा नकलेसाठी आला आहे, तुमचं नाव घेतो. बाहेर बाकावर काका बसलेले. खांदे पार उतरलेले, हातात नारळीच्या झापाने झाकलेली एक छोटी टोपली. घराच्या हद्दीचा जुना निवाडा होता, त्याची नक्कल हवी होती. मी ती दुसऱ्या कुणाला दिली नाही. त्याच दिवशी केली, तीनदा ताडून पाहिली, एकही अक्षर खोडलं नाही. हातात ठेवली तेव्हा त्यांनी ती उलटी धरली आणि म्हणाले, "काय सुंदर काढलंस रे. तुज्या बापसानं बघायला हवा होता." मग टोपली पुढे केली. आत फणसाच्या आठळ्या होत्या, आईसाठी.

मी त्यांच्याजवळ बसलो. का विचारलं कोण जाणे. म्हटलं, "काका, एक विचारू? त्या वेळी तुम्ही खरंच पाणी घातलं होतंत?"

माझी खात्री होती की ते भडकतील. नाही म्हणतील, रडतील, देवीला शिव्या देतील. म्हणजे मग आम्ही दोघे तरी एका बाजूचे झालो असतो. काका शांतपणे म्हणाले, "देवानं सांगितला ना बाला."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"मना आठवत नाय. लय आठवून बघितला. रोज बघितला. पण देव खोटा सांगंल काय? माज्या हातून झाला असंल. माणूस काय करतो ता त्याला तरी खय समजता?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "गाववाल्यांनी मागून बोलावला मना. म्हणाले, झाला ता झाला, पालखीला हात लाव. मी नाय लावत. ज्यानं असा केला त्यानं लावू नये."

बाबा, त्यांना आता आठवतं आहे असं वाटायला लागलं आहे. जाताना ते म्हणाले, एकदा उन्हाच्या दिवसांत भोपळा विसळला होता, त्यातलं पाणी तर मडक्यात गेलं नसेल ना? दहा वर्षं एक निर्दोष माणूस आपलाच गुन्हा शोधत बसला आहे, आणि तो त्याला जवळजवळ सापडला आहे.

त्या संध्याकाळी मी प्यायलो. पाच महिन्यांनी. पुढच्या बुधवारी गेलो आणि पाटीकडे बघत सांगितलं की मी घेतली. तांडेल म्हणाला, "मी पण शिमग्याला घेतली होती, सांगितला नव्हता. आता सांगतंय." शिंप्याने विचारलं, "घड्याळामुळे?" मी म्हटलं, घड्याळ नव्हतंच. सगळं सांगितलं त्याला, जाळं लावल्याचंही. त्याचं तोंड एवढंसं झालं. तो आपल्या बोटातल्या अंगुस्तानाशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "म्हणजे बेळगाव पण नाही?" तांडेल एवढा हसला की त्याला ठसका लागला. शिंपी हसला नाही. पण पुढच्या बुधवारीही तो माझ्याच शेजारी बसला.

बाकीचे गेल्यावर मी मास्तराला चौथी पायरी सांगितली. हे वर लिहिलं आहे ते सगळं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, आता हा म्हणेल की बघा, तुमचे दगडाचे देव, आता आमच्याकडे या. मी सात महिने त्या वाक्यासाठी उत्तर तयार ठेवलं होतं. ते त्याने म्हटलं नाही. विचारलं, "नुकसान कुणाकुणाचं झालं?"

"वडिलांचं. आणि काकांचं."

"आदी कुणाकडं जाणार?"

मी म्हटलं, "वडिलांकडे."

"बरं," तो म्हणाला, आणि कपाटातून कोरे कागद काढून दिले. "मग लिवा." त्या 'बरं'मध्ये काय होतं ते मी घरी येईपर्यंत उलटसुलट करून पाहिलं. काही असलंच पाहिजे.

ते कागद म्हणजे हे. बुधवारी हे चौघांत वाचायचं, अशी रीत आहे. मी वाचणार नाही. कुणी फोडेल म्हणून नाही. कोण फोडणार, आता तो संशयही मला धड घेता येत नाही. आई पलीकडे तांदूळ निवडते आहे, तिने विचारलं, "कुणाला लिहितोस एवढं?" मी म्हटलं, कोर्टाचं आहे. तिने काकांच्या आठळ्या उकडून ठेवल्या आहेत आणि म्हणते आहे, "बिचारा. केलं त्याने वाईट, पण मनाने चांगला." तिलाही सांगावं लागेल. तिला सांगितलं की तुम्ही त्या माडावर एकटे का होतात तेही तिला कळेल.

हे मी चौथ्यांदा स्वच्छ लिहून काढतो आहे. दर वेळी कुठेतरी एक अक्षर बिघडतं आणि मी पुन्हा सुरुवात करतो. तरीतून खाडी ओलांडली की काकांचं घर अर्ध्या तासावर आहे. या चार वेळच्या लिहिण्यात मी तिथे जाऊन कितीदा परत आलो असतो. परवा तरीवर बसलोही होतो. पलीकडे उतरलो, वाटेला लागलो, काका अंगणात झाप विणत बसलेले लांबून दिसले आणि मी थांबलो. मला मारतील ही भीती नव्हती. गावाची नव्हती, नोकरीचीही नव्हती. मला भीती अशी वाटली की मी सांगेन, तो मी होतो, आणि काका मान हलवतील आणि म्हणतील, नाय बाला, तू मना बरा वाटावा म्हणून असा बोलतंस, देवानं माझा नाव सांगितला ना. ते देवाचं मानतील, माझं मानणार नाहीत. मग मी काय करू?

असं मी मास्तराला सांगेन, आणि तो त्यावरही 'बरं' म्हणेल. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू. ती भीती नाही, बाबा. त्यांनी माझं मानू नये, हीच मी आशा धरून आहे.